चिंचेनं घासलेला पाहुणा

त्या बाईंनी पेनाचं टोक नीलांबरीच्या गळ्याच्या खळगीपाशी आणलं, टेकवलं मात्र नाही, आणि म्हणाल्या, "हे काढ, हनी. ज्वेलरी चालत नाही." एवढंच. आवाज चढलेला नव्हता, कपाळाला आठी नव्हती, उलट सनस्क्रीनचा पांढरा ओघळ नाकावर तसाच राहिलेला असल्यामुळे त्या जराशा भोळ्याच दिसत होत्या. हातात क्लिपबोर्ड, गळ्यात शिट्टी, डोक्यावर अधिकाऱ्यांची पांढरी टोपी. आणि तरीही नीलांबरीला वाटलं, त्यांनी पेन टेकवलंच, आणि टेकवलं ते गळ्याला नाही, गळ्याच्या आत, जिथे एकेकाळी एकही शब्द उगवत नसे त्या जागेला. मैदानावर मे महिन्याचं ऊन होतं, पण वारा अजून मार्चचाच होता. अमेरिकेतल्या श्रूजबरी गावच्या शाळेच्या चार पोरी निळ्या जर्सीत उभ्या होत्या, प्रत्येकीनं मैदानाच्या दोन फेऱ्या मारून बॅटन पुढच्या हातात द्यायचा, शेवटचा हात नीलांबरीचा. पहिल्या तिनांत आलं तर राज्य स्पर्धा, नाहीतर हंगाम संपला. एकीच्या गळ्यात काही सापडलं तर चौघी बाद. हा नियम तिला माहीत होता. हंगामभर जर्सीचा काठ वर ओढून तिनं तो पाळला नव्हता, आणि आज वाऱ्यानं चहाडी केली.

काळ्या दोऱ्यात ओवलेला तो तुकडा अंगठ्याच्या नखापेक्षा थोडा मोठा. वर अडकवायला एक कडी, खाली दोन शिंगं की दोन कान, मधे एक फुगीर पोट, आणि पंख असावेत अशा दोन फुगवट्या. इतका झिजलेला, की तो कोण आहे हे बघणाऱ्यावर ठरायचं. नीलांबरीला लहानपणी तो माकड वाटे. आई, म्हणजे वीणा, पहिल्या दिवसापासून ठामपणे म्हणत आली की हा गरुड आहे, विष्णूचं वाहन, म्हणजे आपलाच. बाबांनी, गिरीशरावांनी, तो उलटासुलटा करून पाहिला होता आणि म्हणाले होते, "बॉटल ओपनर आहे यार," आणि मग आईच्या नजरेनं गप्प बसले होते. सातवीत शाळेची सहल एका म्युझियमला गेली तेव्हा तिथल्या एका दाढीवाल्या तरुणानं भिंग लावून सांगितलं की ही फार जुनी काशाची ओतीव वस्तू, बहुधा घोड्याच्या लगामावरची, तिबेटात लोक असल्या वस्तू ताईत म्हणून घालतात, आभाळातून पडल्या असं मानतात. 'मानतात' हा शब्द त्यानं जरा हसून म्हटला होता. नीलांबरीला त्याचा राग आला नव्हता. तिला फक्त वाटलं होतं, की घोड्याच्या लगामावरून एखादी गोष्ट आभाळात जाऊन परत पडू शकत नाही, असं थोडंच आहे.

"धार्मिक आहे का?" बाईंनी विचारलं. धार्मिक असेल तर सवलत होती. जर्सीच्या आत घ्यायचं, वरून चिकटपट्टी लावायची, मग चालतं. हे ऐकताक्षणी कोच ओब्रायननी खिशातून पांढऱ्या पट्टीचं भेंडोळं काढून दातानं तुकडा फाडायलासुद्धा सुरुवात केली. पट्टी दातांत तशीच धरून त्यांनी नीलांबरीकडे डोळे मोठे केले. हो म्हण. एक शब्द. पलीकडे केला आणि एरिन या संघातल्या दोघी पायांवर उड्या मारत होत्या, आणि पहिल्या दोन फेऱ्या धावणारी प्रतिमा, जी आईबाबांच्या ओळखीच्या, अमरावतीच्या डॉक्टर काकांची नात आणि मराठीत फक्त शिव्या आणि जेवणाचे पदार्थ जाणणारी, ती कानाशी येऊन पुटपुटली, "नीलू, जस्ट से येस. इट्स अ गणपती, ऑर व्हॉटेवर."

हो म्हणणं किती सोपं होतं. आईनं केव्हाच म्हटलं असतं. बाबांनी तर सॉरीसुद्धा वर म्हटलं असतं, कारण बाबांचं एक आवडतं वाक्य होतं, जे ते पार्किंगच्या जागेवरून भांडण झालं की म्हणत, शेजाऱ्यांनी दिवाळीच्या फुलबाज्यांवरून तक्रार केली की म्हणत, व्हिसाच्या कागदांची वाट पाहताना तर रोजच म्हणत: आपण इथे पाहुणे आहोत. म्हणजे मान खाली, आवाज खाली, पायातले बूट बाहेर. आणि नीलांबरीचं तोंड हो म्हणायला उघडलंही. पण त्या उघडलेल्या तोंडात तिला एक जुनी चव आली, शाळेच्या दुधाच्या कागदी डब्याची, आणि ती पाच वर्षांची झाली.

पाच वर्षांची नीलांबरी नागपुराहून आली ती बोलणं तिकडेच विसरून आल्यासारखी. घरात कुजबुज, आणि दाराबाहेर तीही बंद. शाळेत अख्खं वर्ष ती बोलली नाही. बाथरूमला जायचं हेही नाही, दूध नको हेही नाही. ते कोमट, डब्याच्या पुठ्ठ्याची चव असलेलं दूध ती रोज प्यायली, कारण नको म्हणायला तोंड लागतं. आणि तिच्या वतीनं सगळे बोलत. टीचर म्हणायची, शी इज शाय. आई म्हणायची, तिला सगळं समजतं हो. बाबा म्हणायचे, सॉरी, शी इज टायर्ड. ती शायही नव्हती आणि टायर्डही नव्हती. तिच्या आत भलंमोठं बोलणं चाललेलं असे, पण ते सगळे इतक्या पटकन उत्तर देऊन टाकत की तिचं उत्तर दारातच उभं राही, पाहुण्यासारखं, आणि कुणी या म्हणत नसे.

शाळेनंतर आई ऑफिसातून येईपर्यंत ती ल्हामो मावशीकडे असायची. त्याच अपार्टमेंटच्या मागल्या बाजूला, तळमजल्यावर. ल्हामो मावशी तिबेटी, पण वाढलेली गोंदियाकडे, नवेगावच्या जंगलापाशी तिबेटी लोकांची वसाहत आहे तिथे. त्यामुळे अमेरिकेत पाऊल ठेवल्यावर आईला जी पहिली बाई तिच्या माहेरच्या वळणाचं मराठी बोलणारी भेटली, तिचे डोळे बारीक होते आणि गालांची हाडं वर आलेली होती. आई त्या दिवशी लाँड्रीच्या खोलीत चक्क रडली. मावशी म्हणाली होती, "काऊन वो ताई, साबण गेला का डोळ्यात?" मावशीकडे लोणी घातलेल्या खारट चहाचा आणि तव्यावरच्या भाकरीचा असा मिळून एक वास यायचा. मावशी नीलांबरीला कधीही काही विचारायची नाही. हाच तिचा मोठेपणा, असं आता नीलांबरीला वाटतं. ती फक्त सांगायची. पीठ मळत सांगायची, मुलांचे मोजे जोडत सांगायची. आणि उत्तरासाठी मधे जागा सोडायची. लांब, ऐसपैस जागा. ती रिकामी राहिली तरी तिचं काही अडत नसे.

तसंच तिनं एकदा आपल्या गळ्यातल्या त्या तुकड्याबद्दल सांगितलं. वीज पडते ना, ती नुसती उजेड नसते. तिच्या पोटात लोखंड असतं. ते जमिनीत खोल जातं आणि तिथे झोपून राहतं, किती दिवस ते त्याचं त्याला ठाऊक. मग कुणीतरी नांगरतं, कुणी पाट खोदतं, आणि हा वर येतो. दिसला की ताबडतोब टोपी टाकायची त्याच्यावर, नाहीतर परत बुडतो, मासळीसारखा. मावशीच्या बापानं टोपी टाकली होती. मग तो बापाच्या गळ्यात डोंगर ओलांडून आला, आणि पुढं गोंदियाच्या उन्हात मावशीच्या गळ्यात, जिथे तिबेटी माणसं नुसत्या उन्हानं आजारी पडत आणि ही पोरगी टुणटुणीत. हा देव नाही, मावशी म्हणाली, याच्या पाया नको पडू. दागिनाही नाही, मिरवू नको. "हा पाहुणा आहे. ज्याच्याकडे काम असते त्याच्याकडे येते, काम झालं की जाते. पण एक गोष्ट. दुसऱ्यानं काढ म्हटलं म्हणून काढायचा नाही, मग तो रुसून जाते. आपलं पोट भरलेलं असलं, मनात भेव नसलं, की आपल्या हातानं काढावा. मग कुठंही ठेव, तो आपलाच राहते." आणि स्वतःच्या गळ्यातून काढून, पीठ लागलेल्या हातांनीच, तिनं तो नीलांबरीच्या गळ्यात घातला. तो गरम होता. मावशीच्या अंगाची ऊब होती ती, एवढंच, पण पाच वर्षांच्या मुलीला एवढंच पुरतं.

तो आला आणि ती दुसऱ्या दिवशी घडाघडा बोलायला लागली, असं आई पाहुण्यांना सांगते. आईच्या गोष्टींत सगळं दुसऱ्या दिवशी होतं. खरं म्हणजे ती हळूहळू, एक-एक शब्द चाचपत बोलायला लागली, आणि शाळेत तर पुढची कैक वर्षं हाताची मूठ त्या तुकड्यावर आवळल्याशिवाय तिला एक वाक्य पुरं करता आलं नाही. मूठ सुटली की वाक्य सुटलं. हे कुणाला माहीत नव्हतं. आणि मग ती दहा वर्षांची असताना तो पाडवा आला, त्याच्या आदल्या दिवशी आईनं देव घासायला काढले.

दोरा कुजला होता, नवा ओवायचा म्हणून तो नहाणीच्या कट्ट्यावर काढून ठेवलेला. आईनं तो पाहिला. काळाकुट्ट, कळकट. आपल्या घरातला गरुड असा. आईच्या हाताला चिंच-मीठ लागलेलंच होतं, समई झाली होती, ताम्हन झालं होतं, घंटा झाली होती, आणि तिनं तितक्याच भक्तिभावानं यालाही घेतलं आणि घासलं, घासलं, असं घासलं की कित्येक माणसांच्या गळ्यांनी, घामांनी, बोटांनी जो काळा, मऊ, पाण्यासारखा तकाकणारा थर चढवला होता तो सगळा सिंकमधून वाहून गेला. नीलांबरी केस पुसत बाहेर आली तर देव्हाऱ्यात, बाळकृष्णाच्या शेजारी, हळदीकुंकू लावलेला, एक पिवळाधमक नवा कोरा कुणीतरी बसलेला. आई हसत होती. बघ कसा उजळलाय.

त्या दिवशी नीलांबरी ओरडली. घरात, तोंड उघडून, छाती भरून, न थांबता. तू मला विचारलं का नाहीस. माझा होता. तुला वाटतं तू सगळ्यांना घासून आपलं करू शकतेस. तो गरुड नाहीये. एवढं लांब, एवढं सलग, एवढं मराठी ती आयुष्यात बोलली नव्हती. आई चिंचेचे हात तसेच वर धरून उभी राहिली, आणि बाबा उघडा लॅपटॉप हातात घेऊन दारात आले आणि चक्क सॉरी म्हणायचं विसरले. संध्याकाळी सगळे खाली मावशीकडे गेले, एखादा अपघात घेऊन जावं तसे. मावशीनं तो तळहातावर घेतला. बराच वेळ पाहिला. नीलांबरीला वाटलं, आता ही रडणार. मावशीच्या खांद्यांना हिसके बसू लागले, आणि मग कळलं की ती हसते आहे, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. "आंघोळ घातली काय वो ताई याला? बरं केलं. पाहुणा आला, किती दिवसाचा, कुणी पाणीच नव्हतं दिलं." मग नीलांबरीकडे वळून म्हणाली की आता हा परत काळा व्हायचा तो हिच्याच अंगावर. घाम पाहिजे. बसून नाही होत काळा. पळव पोरीला.

म्हणून ती पळू लागली. हे प्रतिमाला माहीत नाही, कोचना नाही, स्थानिक पेपरात तिचा फोटो छापणाऱ्या माणसाला नाही. ती वेगासाठी पळाली नाही, पदकासाठी तर नाहीच. ती आधी अपार्टमेंटभोवती, मग तळ्याच्या रस्त्यानं, मग शाळेच्या मैदानावर एका धातूच्या तुकड्याला घाम पाजत पळाली. पहिल्या उन्हाळ्यात तो तपकिरी झाला. मग शिंगांच्या टोकांशी काळा. आता फक्त पंखाच्या बेचक्यात, दाताच्या फटीएवढ्या जागेत, आईच्या चिंचेचं पिवळं उरलं होतं, आणि ते नीलांबरीनं मनातल्या मनात तसंच राहू द्यायचं ठरवलं होतं. मावशी आता मिनियापोलिसला मुलाकडे गेली होती. रविवारी फोन यायचा, पण या मार्चमध्ये तिबेटात, ल्हासाला दंगे झाल्यापासून मावशी फोनवर गप्पच असायची, कारण तिथल्या तिच्या चुलतबहिणीचा फोन लागत नव्हता, नुसती घंटा वाजायची, मग तीही नाही. आता फोनवर मधे लांब, ऐसपैस जागा सुटायची, आणि नीलांबरी ती भरायची. शाळेचं, केसांचं, पोरांचं, काहीही. बोलत राहायची.

"हनी?" बाई म्हणाल्या. "धार्मिक आहे का, हो की नाही?" कोचच्या दातांत पट्टीचा तुकडा वाऱ्यानं फडफडत होता. पांढरी, चौकोनी, तोंडावर लावल्यासारखी. नीलांबरीला अचानक दिसलं की हो म्हटलं तर ते पुन्हा कुणाचं तरी उत्तर असेल. आईचा गरुड. प्रतिमाचा गणपती ऑर व्हॉटेवर. दुसऱ्यांनी तयार ठेवलेलं, कोमट, पुठ्ठ्याच्या चवीचं उत्तर, आणि ती ते गिळेल, कारण नको म्हणायला तोंड लागतं. तोंड तर तिच्याकडे होतं.

"नाही," ती म्हणाली. "हा माझा धर्म नाही." कोचनी डोळे मिटले. "आणि ज्वेलरीपण नाही."

मग काय आहे, बाईंनी विचारलं, आणि त्यात चिडण्यापेक्षा दमणूक जास्त होती. सकाळपासून त्यांनी किती कानांतले डूल आणि किती नाकांतल्या चमक्या काढायला लावल्या असतील.

"ही इज अ गेस्ट."

केला हसली. इतर शाळांच्या पोरी वळून पाहू लागल्या. बाई म्हणाल्या, गेस्ट असो की कुणी, गळ्यात असेल तर चौघी बाद, आणि त्यांनी घड्याळाकडे पाहिलं. आणि इथे नीलांबरीला मावशीचा नियम समोर येऊन उभा दिसला. दुसऱ्यानं काढ म्हटलं म्हणून काढायचा नाही. काढला तर तो जाईल. नाही काढला तर या तिघी, ज्या हिमवर्षावात तिच्याबरोबर पळाल्या, त्या घरी जातील. ती दोन्हींच्या मधे उभी राहिली आणि तिनं स्वतःला तपासलं, जसं शर्यतीआधी बुटांच्या नाड्या तपासतात. पोट भरलेलं होतं. आईनं सकाळी थालीपीठ, वर लोणी, वर पुन्हा अर्धं थालीपीठ कोंबलं होतं. भीती? तिनं भीती शोधली. जिथे ती नेहमी असे, त्या खळगीत, बोट घालून शोधली. तिथे राग होता, भरपूर, तापलेला, आणि रागाच्या खाली हसू होतं. भीती कुठे गेली होती कोण जाणे. कदाचित तीही रुसून गेली असेल.

तिनं दोन्ही हात मानेमागे नेले आणि गाठ सोडली. "मी तुम्ही सांगितलं म्हणून काढत नाहीये," ती म्हणाली, स्वच्छ, मोठ्यानं, शेवटच्या लेनपर्यंत ऐकू जाईल असं इंग्रजीत. "मला वाटलं म्हणून काढतेय. आणि हा कोचकडे नाही, तुमच्याकडे देतेय. टेबलावर ठेवायचा नाही. खिशात नाही. हातात धरायचा." बाई म्हणाल्या, मला क्लिपबोर्ड धरायचाय. "दुसऱ्या हातानं धरा," नीलांबरी म्हणाली, आणि त्यांच्या हातात तो ठेवून त्यांची बोटं एकेक करून स्वतः मिटली. म्हाताऱ्या, कोरड्या, उन्हानं ठिपके पडलेल्या बोटांना काय करावं ते सुचलं नाही, म्हणून ती मिटली.

बंदूक वाजली, प्रतिमा गेली. पाहुणा नसलेला गळा किती उघडा लागतो हे तिला माहीत नव्हतं. वारा थेट हाडावर येत होता. एरिनच्या दोन फेऱ्या, केलाच्या दोन, आणि प्रत्येक वळणावर नीलांबरीचा हात गळ्याशी जाई, मूठ आवळायला, आणि मुठीत नुसती मूठच येई. प्रेक्षकांत तिला आई दिसली. आई उभी राहिली होती. एवढ्या लांबूनही आईला मुलीचा उघडा गळा दिसला होता आणि तिचा हात स्वतःच्या मंगळसूत्रावर गेला होता. मग केलाचा लाल चेहरा, पुढे आलेला हात, बॅटनचा थंड अॅल्युमिनियम तळव्यात, आणि नीलांबरी सुटली. पाचव्या नंबरावर होती ती तेव्हा. पहिल्या फेरीत काहीच सुचलं नाही, फक्त घाम फुटला, आणि छातीवरून ओघळत असताना तिला जाणवलं की या घामाला आज कुठे जायचं नाहीये, कुणाला काळं करायचं नाहीये, हा नुसता तिचा घाम आहे. आणि पलीकडच्या वळणावर, जिथे श्वास करवतीसारखा आतबाहेर होतो, तिथे तिला एक गोष्ट लख्ख दिसली. मूठ आवळून ती पाच वर्षं चाचपत बोलली होती. पण छाती भरून, सलग, कुणाला न विचारता ती पहिल्यांदा बोलली तेव्हा तिचा गळा असाच उघडा होता, आणि तो देव्हाऱ्यात कुंकू लावून बसला होता. ती एकटीच ओरडली होती. कुणीही तिला मदत केली नव्हती.

शेवटच्या वळणावर बाई उभ्या होत्या. क्लिपबोर्ड काखेत. एक मूठ छातीशी, आणि त्या मुठीवर दुसरा हात, पाखरू धरावं तसा. शिट्टी तोंडात असूनही त्या काहीतरी म्हणत होत्या. नीलांबरीनं चौथीला मागं टाकलं, आणि तिसरीला अगदी रेषेवर, खांद्यानं, जवळजवळ हावरटपणानं.

ती गवतावर पडली, तिघी तिच्यावर पडल्या, कोच सगळ्यांवर ओरडत होते. उठली तेव्हा बाई समोर आल्या होत्या आणि आई-बाबाही कठडा ओलांडून धापा टाकत आले होते. आपण प्रसंग ओळखला असं बाबांना वाटलं. तळहात जोडल्यासारखे पुढे करून ते म्हणाले, "सॉरी मॅम, शी इज जस्ट..."

"बाबा," नीलांबरी म्हणाली, "मी बोलतेय ना."

बाबांनी जोडलेले हात खाली घेतले. आईनं हळूच, मराठीत, जणू आजाऱ्याबद्दल विचारावं तसं विचारलं की तो गेला का. बाईंनी मूठ उघडली. तो होता. आणि त्याच्याखाली, तळहाताच्या मऊ मांसात, दोन शिंगांचा खोल लाल ठसा उमटलेला. इतकं घट्ट धरायला कुणी सांगितलं नव्हतं. फार गरम झाला होता, बाई जराशा ओशाळून म्हणाल्या, मला वाटलं आता सुटतोय हातातून. मुठीत धरलं तर लोखंडाचा खिळासुद्धा तापतो, हे नीलांबरीला माहीत होतं. ती ते बोलली नाही. तिनं तो उचलला, पंखाच्या बेचक्यातलं पिवळं तिथंच होतं, आणि दोरा गळ्यात बांधला. जर्सीच्या आत नाही, वर. निळ्या कापडावर, सगळ्या मैदानाला दिसेल असा.

बाईंनी क्लिपबोर्ड खाली गवतावर ठेवला. नियमाचं काही उरलं नव्हतं आता. तरी त्या उभ्याच होत्या, ठशावर अंगठा फिरवत. खरंच काय आहे ते, त्यांनी विचारलं, आणि विचारून गप्प राहिल्या. मधे जागा सोडली. लांब, ऐसपैस.

"वेळ आहे का तुम्हाला?" नीलांबरी म्हणाली, आणि उत्तराची वाट न पाहता मांडी घालून गवतावर बसली. आई बसली, बाबा बसले, बाईही गुडघे धरत बसल्या. "आधी वीज पडते," ती म्हणाली.